मॉरिशस : उसाचे बेट आणि उसातली माणसे

मॉरिशस हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत वाचलेले असते. निळाशार समुद्र, पांढरी वाळू, नारळाची झाडे आणि हातात हात घालून चालणारे नवविवाहित जोडपे एवढेच त्या जाहिरातीत असते. परंतु या बेटाचे आणि आपल्या दौंड परिसराचे एक वेगळेच नाते आहे. ते नाते उसाचे आहे. ज्या उसाने आपल्या भागात पाटससारख्या गावी साखर कारखाने उभे केले, त्याच उसाने समुद्रातले हे निर्जन बेट माणसांनी भरले. त्या माणसांत आपल्या महाराष्ट्रातून गेलेली माणसेही होती. म्हणून या लेखात आम्ही मॉरिशसचा भूगोल व तेथील प्रेक्षणीय स्थळे यांची माहिती देणार आहोतच, पण ते बेट ज्यांच्या कष्टाने घडले त्यांचीही ओळख करून देणार आहोत.

बेट आहे कुठे?

विद्यार्थी मित्रांनी नकाशा उघडावा. हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात आफ्रिका खंडाजवळ मादागास्कर नावाचे मोठे बेट दिसेल. त्याच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरवर मॉरिशसचा ठिपका आहे. मुंबईपासून हे अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर भरते. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या आठव्या हिश्श्याएवढे आहे. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदी सुमारे ४५ किलोमीटर. सकाळी एका टोकाहून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला दुसऱ्या टोकाला सहज पोहोचतो. याशिवाय पूर्वेकडील रॉड्रिग्ज हे सुमारे १०८ चौरस किलोमीटरचे बेट आणि काही लहान बेटे याच देशात मोडतात. एकूण लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास असून राजधानीचे शहर पोर्ट लुई हे आहे.

एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. आपले कुरकुंभ विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १८ अंशांवर आहे, तर मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर. म्हणजे दोन्ही ठिकाणे विषुववृत्तापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, पण विरुद्ध बाजूंना आहेत. त्यामुळे ऋतू उलटे होतात. आपल्याकडे मे महिन्याचे ऊन तापत असते तेव्हा तेथे हिवाळा सुरू होतो आणि आपण थंडीत शेकोटी पेटवतो तेव्हा तेथे उन्हाळा व पावसाळा असतो. आपला उसाचा गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, तेथील हंगाम जून ते डिसेंबर असा चालतो. घड्याळातही दीड तासाचा फरक आहे. कुरकुंभला दुपारचे बारा वाजतात तेव्हा मॉरिशसमध्ये सकाळचे साडेदहा वाजलेले असतात.

काळ्या पाषाणाचे नाते

मॉरिशस बेट ज्वालामुखीतून जन्माला आले. समुद्राच्या तळातून लाव्हारस वर येत राहिला, त्याचे थरावर थर साचले आणि सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी हे बेट पाण्याबाहेर डोकावले. पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्थानामुळे हे घडले ते आज शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तेथील ज्वालामुखी अजूनही जागा आहे. भूशास्त्रज्ञांचे सर्वसाधारण मत असे की, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतभूमी या तप्त स्थानावरून सरकत असताना जो प्रचंड लाव्हा बाहेर पडला त्यापासून आपले दख्खनचे पठार बनले. कुरकुंभच्या फिरंगाई देवीच्या डोंगरावर पायाखाली येणारा काळा पाषाण आणि मॉरिशसच्या शेतातला काळा पाषाण ही एकाच चुलीवरची भाकर आहे असे म्हटले तरी चालेल.

या बेटाच्या मधोमध पठार आहे व त्याच्या कडेने डोंगरांचे तुटक कडे उभे आहेत. सर्वांत उंच शिखर नैर्ऋत्येला असून त्याची उंची ८२८ मीटर आहे. पीटर बोथ नावाच्या दुसऱ्या शिखराच्या टोकावर माणसाच्या डोक्यासारखा एक प्रचंड गोल दगड बसलेला दिसतो. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळांची भिंत आहे. महासागराच्या मोठ्या लाटा या भिंतीवर फुटतात, म्हणून भिंत आणि किनारा यांच्यामधले पाणी तळ्यासारखे शांत व उथळ राहते. जाहिरातीतला तो निळा-हिरवा रंग या उथळ पाण्याचा असतो. प्रवाळ ही दगडी वस्तू नसून ती सूक्ष्म जीवांची वसाहत आहे. पाणी फार तापले किंवा घाण झाले की ते जीव मरतात. ही भिंत खचली तर किनाराही समुद्र गिळून टाकील.

पाऊस, वारा आणि वादळे

सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस आणि दौंडला मात्र कोरडे आभाळ, असे का होते हे आपण शाळेत पर्जन्यछायेच्या धड्यात शिकलो. मॉरिशसमध्ये हाच धडा अगदी छोट्या पाटीवर लिहिलेला आहे. तेथे वर्षभर आग्नेयेकडून वारे वाहतात. ते डोंगराला अडून मधल्या पठारावर वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पाडतात. डोंगर ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर येईपर्यंत ढग रिते होतात आणि तेथे जेमतेम ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. हा सगळा फरक तीस-चाळीस किलोमीटरच्या आत घडतो. त्यामुळे पश्चिमेकडचा ऊस पाटाच्या पाण्यावर वाढवावा लागतो.

नोव्हेंबर ते मे या काळात चक्रीवादळांचे भय असते. फेब्रुवारी १९६० मधील कॅरोल नावाच्या वादळाने हजारो घरे भुईसपाट केली. गवताच्या व पत्र्याच्या घरांत राहणाऱ्या मजुरांचे सर्वांत जास्त हाल झाले. त्यानंतर तेथे सिमेंटची, सपाट छताची पक्की घरे बांधण्याकडे लोक व सरकार दोघेही वळले. आज गावोगाव दिसणारी ती ठोकळ्यांसारखी घरे या अनुभवातून आलेली आहेत. ऊस मात्र वादळात वाकतो आणि पुन्हा उभा राहतो. या बेटावर इतर पिकांपेक्षा ऊसच का टिकला याचे हे एक कारण होय.

पाहण्यासारखी ठिकाणे

मॉरिशसमधील प्रेक्षणीय स्थळे अनेक आहेत. त्यांतील काही प्रमुख स्थळांची माहिती येथे देत आहोत.

क्युरपीप या गावी एका निद्रिस्त ज्वालामुखीचे वाटीसारखे विवर आहे. त्याच्या काठावर उभे राहिले की आत दाट झाडी व तळाशी पाणी दिसते. अशाच दुसऱ्या एका विवरात साचलेले सरोवर गंगा तलाव म्हणून ओळखले जाते. महाशिवरात्रीला लाखो भाविक पायी चालत तेथे जातात. शामारेल येथे तांबड्या, पिवळ्या, जांभळ्या अशा सात रंगांच्या मातीच्या टेकड्या आहेत. ज्वालामुखीचा खडक झिजताना त्यातील लोह आणि ॲल्युमिनियमची खनिजे वेगवेगळी झाली, त्यामुळे हे रंग आले.

पांपलमूस येथील वनस्पती उद्यान १८व्या शतकातील आहे. सुपाएवढ्या, किंबहुना परातीएवढ्या पानांची कमळे तेथील तळ्यात तरंगतात. या उद्यानास आता सर शिवसागर रामगुलाम यांचे नाव दिलेले आहे. जवळच बो प्लाँ येथे एका बंद पडलेल्या साखर कारखान्यात उसाचे व साखरेचे संग्रहालय उभारले आहे.

न उडणारा डोडो पक्षी फक्त याच बेटावर होता. माणूस येऊन शंभर वर्षे होण्याच्या आत, १७व्या शतकातच तो कायमचा नाहीसा झाला. पण तेथील एका जातीच्या ससाण्याची गोष्ट वेगळी आहे. १९७४ मध्ये त्याचे अवघे ४ पक्षी रानात उरल्याचे ठाऊक होते. अभ्यासकांनी अंडी उबवून, पिल्ले वाढवून ती जात वाचवली. नाश माणसाने केला तसा बचावही माणूस करू शकतो, हे दोन पक्ष्यांच्या या कथांतून दिसते.

नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला ल मोर्न नावाचा ५५६ मीटर उंचीचा सुळका आहे. मळ्यांतून पळून आलेले आफ्रिकी व मादागास्करचे गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत. गुलामगिरी बंद झाल्याची बातमी सांगायला शिपाई वर चढू लागले, तेव्हा आपल्याला धरायलाच आले असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी तेथील लोककथा आहे. २००८ मध्ये युनेस्कोने या सुळक्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

शेवटचे ठिकाण सर्वांत साधे आहे. पोर्ट लुईच्या बंदरात दगडी बांधकामाचे काही अवशेष व १६ पायऱ्या आहेत. हा आप्रवासी घाट. २००६ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला. येथे ना सोन्याचा कळस आहे, ना संगमरवर. पण मॉरिशसचा खरा इतिहास या पायऱ्यांवरूनच वर चढला.

ऊस आला, माणसे आली

या बेटावर मुळात माणूसवस्ती नव्हती. १५९८ मध्ये डच आले. त्यांनी आपल्या राजपुत्राच्या नावावरून त्याचे नाव ठेवले व पुढे जावाहून ऊस आणला. १७१० मध्ये ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले व त्यांनी गुलामांच्या श्रमावर मळे वाढवले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथे गुलामगिरी रद्द झाली. मग मळ्यांत राबणार कोण, हा मळेवाल्यांपुढे प्रश्न पडला. त्याचे उत्तर त्यांनी हिंदुस्थानात शोधले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलस जहाजातून मजुरांची तुकडी बंदरात उतरली आणि करारी मजुरीची पद्धत सुरू झाली. पुढील सुमारे ८५ वर्षांत जवळजवळ ५ लाख भारतीय माणसे या बंदरात उतरली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून जहाजे सुटत. दुष्काळ, कर्ज, जातीचा जाच आणि दलालाच्या थापा ही त्यांच्या जाण्याची कारणे होती. बेटावर दगड उलटला की सोने सापडते, असे त्यांना सांगितले जाई. दगड त्यांनी खरोखरच उलटले. उसाच्या शेतांतून वेचलेल्या काळ्या धोंड्यांचे मनोऱ्यासारखे ढीग आजही तेथे उभे आहेत.

करार ५ वर्षांचा, पगार महिना ५ रुपये आणि शिधा. पण करारातली खरी मेख पुढेच होती. एक दिवस कामावर गेले नाही तर त्या दिवसाचा रोज तर बुडेच, शिवाय आणखी एक दिवसाचा रोज कापला जाई. आजारपणातही हाच हिशेब लावला जाई. आपल्या भागातील वाचकांना येथे ‘खाडा’ हा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. तो नसला तर पोलीस पकडून नेत. मजुरांची ती जुनी छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेली आहेत.

१८७१ मध्ये अडॉल्फ द प्लेव्हित्झ या युरोपीय गृहस्थांनी मजुरांच्या बाजूने अर्ज तयार केला. त्यावर नऊ हजारांहून अधिक मजुरांनी सह्या व निशाण्या केल्या. परिणामी १८७२ मध्ये चौकशीसाठी शाही आयोग आला व काही जाचक नियम सैल झाले. एकट्याची तक्रार चाबकाने गप्प करता येते, हजारोंचा अर्ज करता येत नाही, हे त्या काळी सिद्ध झाले.

अक्षर, जमीन आणि मत

मग ही माणसे त्या चिखलातून वर आली कशी? आमच्या मते त्याला तीन गोष्टी कारणीभूत झाल्या.

पहिली गोष्ट जमीन. १९व्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी कडेची हलकी जमीन तुकडे पाडून विकायला काढली. मजुरांनी पै-पै साठवून ते तुकडे घेतले. १९१३ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला व लहान शेतकऱ्याला सावकाराखेरीज दुसरे दार मिळाले.

दुसरी गोष्ट अक्षर. १९०१ मध्ये महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेहून परतताना तेथे काही आठवडे थांबले व मुलांना शिकवा, सार्वजनिक कामात पडा असा उपदेश करून गेले. १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर आले व त्यांनी मजुरांचे खटले चालवले. गावोगाव ‘बैठका’ भरू लागल्या. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवीत.

तिसरी गोष्ट मत. १९४८ च्या नव्या घटनेने बेटावरील कोणत्याही भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढाला मतदानाचा हक्क दिला. बासदेव विष्णुदयाल यांच्या जनआंदोलनाने गावोगाव लोकांना लिहायला शिकवण्याची मोहीमच उघडली. मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून एकदम ७० हजारांच्या वर गेली. ज्याला काल अंगठा उठवावा लागत होता, त्याच्या सहीने आज आमदार निवडून येऊ लागला. १९५९ मध्ये सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला.

हे सर्व फुकट मिळाले नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल येथील मजुरांच्या संपाच्या वेळी पोलिसांनी गोळीबार केला. त्यात अंजलाय कुपेन या गर्भवती मजूर स्त्रीसह काही जण मारले गेले. तेथील एका मोठ्या क्रीडांगणाला आज तिचे नाव आहे. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. मजुराच्या घरी जन्मलेले आणि डॉक्टर झालेले शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झाले. १२ मार्च १९९२ रोजी मॉरिशस प्रजासत्ताक बनले.

तेथील मराठी माणूस

मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली व घाटावरची मराठी कुटुंबे होती. संख्येने ती थोडी होती. त्यांची वस्ती बरीचशी पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर भागात झाली. कास्कावेल हे गाव मराठी गाव म्हणून प्रसिद्ध आहे. कोकणातील जाखडी नाच तेथे ‘झाकरी’ या नावाने अजून नाचला जातो. गणेश चतुर्थीला संपूर्ण देशाला सुट्टी असते. घरात बहुतेक जण क्रिओल बोली बोलतात, कचेरीत इंग्रजी व वर्तमानपत्रात फ्रेंच चालते, पण शाळेत मुलांना मराठी हा विषय घेता येतो. पणजोबांची भाषा घराच्या ओट्यावरून निसटली, ती शाळेच्या फळ्यावर धरून ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

आजचे मॉरिशस

१९व्या शतकाच्या मध्यास या छोट्या बेटावर अडीचशेहून अधिक साखर कारखाने होते. आज ते तीनच उरले आहेत. १९७० च्या दशकात वर्षाला सुमारे ७ लाख टन साखर निघे, आता ती अडीच लाख टनांच्या आसपास येते. देशाने कपड्यांचे कारखाने, पर्यटन, बँका व इतर सेवा यांवर आपला संसार उभा केला. उसाच्या चिपाडापासून वीज तयार होते. सगळेच सुखाचे आहे असे मात्र नाही. महागाई आहे, परदेशी चलन पर्यटकांवर अवलंबून आहे, तरुण मुले नोकरीसाठी बाहेर जातात.

२५ जुलै २०२० रोजी वाकाशियो हे जपानी मालकीचे जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर आदळले. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे १,००० टन तेल समुद्रात सांडले. त्या वेळी हजारो साधी माणसे किनाऱ्यावर धावली. त्यांनी कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचे पाचट भरले आणि तेल अडवणारे तरंगते बांध तयार केले. ज्या उसाने त्यांच्या आजोबांना बांधून ठेवले होते, त्याच उसाच्या पाचटाने नातवंडांनी आपला समुद्र राखला. औद्योगिक वसाहतीच्या कुशीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही घटना ध्यानात ठेवावी. पाणी बिघडल्यावर प्रथम धावावे लागते ते जवळ राहणाऱ्यांनाच.

आपण काय घ्यावे?

मॉरिशसला जाणे आपल्यापैकी फार थोड्यांना जमेल. परंतु त्या बेटाचा धडा आपल्या शिवारातच वाचता येतो. दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. मुकादमाची उचल, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आजारी पडले तरी अनेकदा खाड्याचा दंड आणि कोपीच्या दारात धाकटे भावंड सांभाळत बसलेले शाळेच्या वयाचे मूल. समुद्र ओलांडला नाही एवढाच काय तो फरक. पहाटे मोळ्या बांधणाऱ्या आईबापांचे ते मूल सहा महिने वर्गाबाहेर राहिले, तर पुढच्या हंगामात त्याच्याही हाती कोयताच येणार.

मॉरिशसच्या मजुरांना कोणी राजा सोडवायला आला नाही. रात्रीच्या बैठकीत कंदील घेऊन बसणारा, स्वतः चार इयत्ता शिकलेला शेजारी त्यांना भेटला. आपल्या सभासदांत निवृत्त शिक्षक आहेत, कारखान्यात पाळी करणारे तरुण आहेत, महाविद्यालयात जाणाऱ्या मुली आहेत. येत्या हंगामात जवळच्या टोळीच्या कोप्यांवर जाऊन मुलांची नावे लिहून घेणे, त्यांना गावच्या शाळेत बसवणे आणि संध्याकाळी तासभर शिकवणे, एवढे काम आपल्या हातात आहे. त्याला वर्गणीची गरज नाही, फक्त एका कंदिलाची आणि तो धरणाऱ्या माणसाची गरज आहे.